दोन नांदगावे, सोमल आणि पेशीचे द्वार

१

जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या इतिहासात नांदगाव हे नाव दोन ठिकाणी भेटते. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावरील नांदगाव खंडेश्वर हे पहिले. खंडेश्वराच्या हेमाडपंती शिवालयामुळे ते परिचित आहे. दुसरे नांदगाव म्हणजे पूर्वेकडील बैरागी महंतांच्या संस्थानाचे नगर. आज ते राजनांदगाव या नावाने छत्तीसगडात आहे. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला आणि ही दोन्ही स्थाने नागपूरच्या एकाच कारभाराखाली आली. नामसाम्य वगळता दोहोंत फारसे साम्य नाही. त्यांच्या खालचा खडक तर अगदीच भिन्न आहे. नांदगाव खंडेश्वर काळ्या कातळावर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर व त्यापासून झालेल्या कापसाच्या काळ्या जमिनीवर वसले आहे. राजनांदगावच्या दक्षिणेस, गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेलगत असलेल्या अंबागड चौकीच्या प्रदेशात मात्र ग्रॅनाइट व रायोलाइट हे त्याहून कितीतरी प्राचीन खडक आहेत.

या भेदाचे महत्त्व १९९९ साली प्रकट झाले. दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात असे दाखवून दिले की, अंबागड चौकी भागातील कौडीकसा व आसपासच्या गावांत विहिरींच्या व नलिकाकूपांच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य मर्यादेच्या अनेक पटींनी अधिक आहे आणि ते पाणी पिणाऱ्यांच्या त्वचेवर त्याची चिन्हे उमटली आहेत. बंगालमधील असाच प्रकार कलकत्त्याचे डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ साली ओळखला होता. परंतु तेथील आर्सेनिक गंगेच्या गाळातून येते. कौडीकसाचे संकट कठीण खडकातून आलेले होते. वऱ्हाडातील पाण्याची सर्वपरिचित तक्रार खारेपणाची आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा तिची साक्ष देतो. आर्सेनिक वऱ्हाडासही अपरिचित नव्हते. मात्र ते पाण्यातून आले नाही, माणसाच्या हातून आले. हरताळ, मनशीळ आणि सोमल या नावांनी ते शतकानुशतके वैद्य, लेखनिक, पंसारी व अपराधी यांच्या हातांत वावरत होते.

हे विष पेशीत कोणत्या वाटेने शिरते आणि पेशी त्यास कोणत्या वाटेने बाहेर घालविते, या प्रश्नाचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्याच्या शेवटी एक अनपेक्षित नाते उघडकीस आले: जंतूच्या पेशीतून आर्सेनिक बाहेर टाकणारे प्रथिन आणि मनुष्याच्या यकृतात पित्ताम्ल आत घेणारे प्रथिन ही एकाच विस्तृत कुळातील आहेत. या नात्याचा अर्थ समजून घेण्यासाठी दोन्ही शाखांचा पूर्ववृत्तांत पाहणे अवश्य आहे.

२

रसशास्त्राच्या ग्रंथांत आर्सेनिकाची तीन रूपे स्पष्ट वेगळी केलेली आढळतात. हरताळ हे पिवळे व मनशीळ ही तांबडी. दोन्ही गंधकाशी संयुक्त झालेली खनिजे होत. गौरीपाषाण, म्हणजेच लोकभाषेतील सोमल, हा पांढरा असून त्यात आर्सेनिकाचा ऑक्सिजनशी संयोग असतो. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात हरताळाच्या शुद्धीसाठी कोहळ्याच्या रसात स्वेदन आणि मनशिळेसाठी अगस्त्याच्या पानांच्या रसाच्या भावना सांगितल्या आहेत. रसविद्येशी ज्याचे नाव जोडले जाते त्या नागार्जुनाचे स्मरण विदर्भातील रामटेकच्या परिसरात आजही एका टेकडीच्या रूपाने केले जाते. त्या परंपरेची ऐतिहासिकता हा वेगळा विषय आहे. परंतु शोधनावाचून ही द्रव्ये पोटात देऊ नयेत असा दंडक परंपरेने घालून दिला होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मराठी भाषेनेही या खनिजाची एक आठवण जपली आहे. पोथी लिहिताना चूक झाल्यास लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत आणि तो वाळल्यावर वर शुद्ध अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ व मराठी गद्याच्या उदयाशी निगडित असलेले स्थान. ज्या प्रदेशात पोथ्यांची एवढी परंपरा नांदली, त्याच्या भाषेत आर्सेनिकाचे नाव चूक पुसण्याशी जोडले जावे, हे स्वाभाविकच होय.

सोमलाची कीर्ती मात्र निराळी होती. तो जवळजवळ बेचव असून पाण्यात हरताळापेक्षा अधिक विरघळतो, आणि त्याच्या विषबाधेची लक्षणे पटकीच्या लक्षणांशी मिळतीजुळती असल्याने संशय सहज टळत असे. मुंबई इलाख्यात विषांच्या विक्रीवर नियंत्रण घालणारा कायदा १८६६ साली झाला. पुढे १९०४ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात पांढऱ्या सोमलाची विक्री विशेष निर्बंधाखाली आणण्यात आली आणि १९१९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणाधिकारी व ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक आय. बी. लायन यांचा हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावरील ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सोमलास मोठे स्थान आहे. कातड्यासाठी गुरांना सोमल घातल्याचे आरोप त्या काळी वारंवार होत. संशयाचा रोख बहुधा चामड्याचे काम करणाऱ्या जातींवर असे, आणि अनेकदा त्यास पुराव्याचा आधार नसे. १८३६ सालच्या मार्शच्या परीक्षेमुळे शरीरात विष आहे की नाही हे सांगता येऊ लागले. ते शरीरातील पेशींत कसे शिरले, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता.

३

तो प्रश्न प्रथम औषधाच्या मिषाने पुढे आला, आणि त्याच्या आरंभीच्या प्रकरणांपैकी एकाचा संबंध पुण्याशी आहे. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माइलखान येथे घोडे व उंट यांच्या 'सर्रा' या रोगात रक्तातील परजीवी जीव पाहिला होता. १८८९ साली पुण्यात शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेची स्थापना झाली व आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. १८९३ मध्ये ती संस्था हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. लिंगार्ड यांनी सर्रावर प्रदीर्घ संशोधन केले आणि त्यात आर्सेनिकाच्या उपचारांचाही समावेश होता. आर्सेनिक दिल्यावर असले परजीवी रक्तातून दिसेनासे होतात आणि काही काळाने पुन्हा प्रकट होतात, हा अनुभव पुढे अनेक संशोधकांना आला.

पॉल एर्लिख यांनी या पुनरागमनाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. फ्रांकफुर्ट येथे १९०७ च्या सुमारास त्यांना असे आढळले की, उंदरांतील अशाच परजीवींवर आर्सेनिकाच्या औषधाचा वारंवार मारा केल्यास त्यांच्या संततीवर त्या औषधाचा परिणाम होईनासा होतो, आणि हा गुण पुढील पिढ्यांत टिकून राहतो. औषध ज्यास जाऊन चिकटते तो पेशीचा ग्राहक घटकच बदलला असावा, असे त्यांचे अनुमान होते. १९१० मध्ये त्यांचे साल्वार्सन हे आर्सेनिकयुक्त औषध बाजारात आले व उपदंशावरील उपचाराचे स्वरूप पालटले. एर्लिख यांच्या अनुमानातील मर्म पुष्कळ काळाने सिद्ध झाले: १९९३ साली कार्टर व फेअरलँब यांनी दाखविले की, आर्सेनिकास दाद न देणाऱ्या परजीवींत ॲडेनोसीन आत घेणारा एक विशिष्ट वाहक नसतो. औषध ज्या दाराने आत येत होते ते दारच बंद झाले होते.

विष आत येण्याची साधारण रीतही पुढे उलगडली. आर्सेनेट हे फॉस्फेटसारखे दिसते, म्हणून फॉस्फेटच्या वाहकांतून ते आत शिरते. आर्सेनाइट हे पाण्यात असताना ग्लिसरॉलसारखे भासते, म्हणून ग्लिसरॉलच्या मार्गिकांतून त्यास वाट मिळते. पेशीने स्वतःच्या गरजेसाठी ठेवलेल्या दारांतूनच विष वेष पालटून प्रवेश करते. आत आल्यावर आर्सेनाइट प्रथिनांतील गंधकयुक्त गटांस चिकटून त्यांचे कार्य थांबविते.

४

जंतूंना या विषाचा परिचय मनुष्याहून फार जुना आहे; म्हणून ते बाहेर घालविण्याची योजनाही त्यांच्यात प्रथम आढळावी, यात आश्चर्य नाही. १९६८ साली नोविक व रॉथ यांनी पुवाच्या जंतूत असे दाखविले की, आर्सेनिक आदी क्षारांस न जुमानण्याचा गुण प्लाझ्मिड या स्वतंत्र वर्तुळाकार जनुकसूत्रावर असतो. १९७३ मध्ये हेजेस व बाउम्बर्ग यांना आतड्यातील कोलाय जंतूत तशाच गुणाचे प्लाझ्मिड मिळाले. जंतू आर्सेनिकाचा नाश करीत नाही, तर ते शक्ती खर्चून बाहेर ढकलतो, हे सायमन सिल्व्हर यांच्या गटाने १९८१ मध्ये सिद्ध केले. आणि १९८६ मध्ये सिल्व्हर, बॅरी रोझेन, तपन मिश्रा आदींनी त्या जनुकांची रचना प्रसिद्ध केली. पेशीत आलेल्या आर्सेनेटचे प्रथम आर्सेनाइट करावयाचे व मग ते बाहेर टाकावयाचे, असा हा क्रम आहे. अधिक विषारी रूप करून मग ते घालविणे विपरीत वाटते. परंतु पेशीच्या दृष्टीने त्यात सोय आहे: आर्सेनेट व फॉस्फेट यांत भेद करणे कठीण, आणि फॉस्फेट तर गमावून चालत नाही, आर्सेनाइट मात्र सहज वेगळे ओळखता येते.

पाव फुगविणाऱ्या किण्वातही अशीच व्यवस्था निघाली. १९९७ साली विसोत्स्की, उलाशेव्स्की व सहकाऱ्यांनी 'एसीआर-३' या जनुकाचे वर्णन केले. त्यापासून होणारे प्रथिन पेशीपटलात बसलेले असून ते आर्सेनाइट बाहेर घालविते. कोलाय जंतूतील प्रथिनाशी त्याचे कुळ जुळत नव्हते. म्हणजे एकाच कामासाठी निसर्गात किमान दोन स्वतंत्र कुळांची द्वारे सिद्ध झाली होती. यांपैकी एसीआर-३ चे कुळ कोठवर पसरले आहे, हा शोध पुढील दशकाचा विषय ठरला.

५

दुसरी शाखा पित्ताची. येथे शब्दाविषयी सावध राहणे इष्ट आहे. आयुर्वेदातील पित्त हा एक व्यापक दोष होय. बोलभाषेत 'पित्त झाले' म्हणताना आंबट ढेकर किंवा अंगावरील गांधी अभिप्रेत असतात. शरीरक्रियाशास्त्रातील पित्तरस म्हणजे यकृतातून स्रवणारा हिरवट-पिवळा द्रव, आणि पित्ताम्ले ही त्यातील स्निग्ध पदार्थ पचविणारी घटकद्रव्ये. त्यांच्या रचनेवरील संशोधनासाठी हाइनरिख वीलांट यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पित्ताम्लांचा शरीरातील प्रवास काटकसरीचा उत्तम नमुना आहे. शरीरात त्यांचा एकूण साठा केवळ काही ग्रॅमचा असतो. परंतु ती यकृतातून आतड्यात व आतड्यातून पुन्हा यकृतात अशी दिवसातून अनेक फेऱ्या करतात आणि दर फेरीत सुमारे ९५ टक्के परत घेतली जातात. हे परत घेणे आपोआप होत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथील परिषदेत अशी कल्पना मांडली होती की, आतड्यातील पेशी शर्करा आत ओढताना सोडियमच्या ओघाचा उपयोग करतात. १९६१ मध्ये लॅक व वायनर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पित्तक्षार सक्रिय रीतीने शोषले जातात हे दाखविले. सोडियमच्या आधारे पित्त आत घेणारी प्रथिने त्यानंतर तीन दशकांनी हाती आली: १९९१ मध्ये झुरिच येथील हागेनबुख, श्टीगर, मायर व सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातील वाहक शोधला, आणि १९९४ मध्ये वाँग, डॉसन आदींनी आतड्यातील वाहकाचे वर्णन केले. पाहुण्याला आत घेण्यासाठी दार उघडताना सोडियमचे कणही आत येतात. त्यांच्या ओघाची शक्ती हीच दार उघडण्याची शक्ती असते.

यकृताच्या या वाहकाने २०१२ साली आणखी एक रहस्य उघड केले. बीजिंग येथील वेनहुई ली यांच्या गटाने सिद्ध केले की, 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू याच प्रथिनास धरून यकृताच्या पेशीत शिरतो. आर्सेनेट जसे फॉस्फेटच्या दाराने येते, तसाच हा विषाणूही पित्ताच्या दाराशी येऊन उभा राहतो. यकृतालाच हा रोग का होतो, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बऱ्याच अंशी मिळाले.

६

पित्ताचे अभ्यासक आणि आर्सेनिकाचे अभ्यासक दीर्घकाळ एकमेकांपासून दूर होते. पहिल्यांचा वर्ग शरीरक्रियाशास्त्र्यांचा व वैद्यांचा, दुसऱ्यांचा जंतुशास्त्रज्ञांचा. दोहोंना जवळ आणले ते जनुकांच्या वाचनाने. अनेक जीवांची संपूर्ण जनुकसूत्रे १९९५ नंतर प्रसिद्ध होऊ लागल्यावर प्रथिनांची अक्षरमाला शेजारी ठेवून वंशावळ लावणे शक्य झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील मिल्टन सायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक महाकुळ मांडले. त्यास त्यांनी पित्त, आर्सेनाइट व राइबोफ्लेविन या तीन प्रवाशांवरून नाव दिले. पित्ताम्लांचे वाहक, एसीआर-३ आणि राइबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचे वाहक यांचा पूर्वज समान असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षास रचनेचा आधारही मिळाला. २०११ मध्ये कॅमरन, ड्रू, इवाटा व सहकाऱ्यांनी मेंदूच्या आवरणाचा दाह करणाऱ्या जंतूतील एका पित्तवाहकाची घडण क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यात पेशीपटलाच्या आरपार जाणाऱ्या दहा सर्पिल दांड्या असून पाच दांड्यांचा एक संच दुसऱ्या संचाच्या उलट दिशेने बसविलेला असतो. एसीआर-३ मध्येही आरपार जाणाऱ्या दांड्या दहाच. आणि चौथ्या दांडीवरील एका गंधकयुक्त घटकावाचून ते आर्सेनाइट नेऊ शकत नाही, हे रोझेन यांच्या प्रयोगशाळेने २००९ साली दाखविले होते. एकाच मूळ नमुन्याच्या द्वारातून एका वंशात पोषक द्रव्य आत येते आणि दुसऱ्यात विष बाहेर जाते. दाराला स्वतःची नीती नसते. कोणता प्रवासी आणि कोणती दिशा, यावरून ते उपकारक की अपायकारक हे ठरते.

७

या कुळाच्या वाटणीत मनुष्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. मनुष्यात पित्तवाहकांच्या कुळाची सात प्रथिने आहेत. एसीआर-३ त्याच्याकडे नाही. फुले येणाऱ्या वनस्पतींतही ते आढळत नाही. शेवाळे, नेचे व अनावृतबीज वनस्पती यांनी मात्र ते जतन केले आहे. भारतात जुन्या भिंतींच्या व विहिरींच्या चुनेगच्चीत उगवणारा 'टेरिस व्हिट्टाटा' हा नेचा जमिनीतील आर्सेनिक शोषून पाल्यात साठवितो. कोरड्या पाल्याच्या वजनात ते सुमारे दोन टक्क्यांपर्यंत भरते, हे फ्लोरिडातील लेना मा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. या नेच्यातील एसीआर-३ पेशीच्या आतील रसधानीच्या पटलावर असते, असे २०१० मध्ये दिसून आले. किण्व ज्या प्रथिनाने विष बाहेर टाकते, त्याच प्रथिनाने नेचा ते स्वतःच्या कोठारात कोंडून ठेवतो. भाताच्या रोपाची स्थिती याहून वाईट आहे. ज्या वाहकांनी ते सिलिकॉन वर घेते त्यांतूनच आर्सेनाइटही दाण्याकडे जाते, असे २००८ मध्ये सिद्ध झाले आहे.

मनुष्याचे शरीर अगदीच असहाय नाही. यकृत आर्सेनिकास मिथिल गट जोडते व ते मुख्यतः मूत्रावाटे जाते. काही अंश ग्लुटाथायोन या गंधकयुक्त द्रव्याशी संयुक्त होऊन दुसऱ्या एका कुळातील पंपाने पित्तरसात टाकला जातो, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. अशा रीतीने पित्त आणि आर्सेनिक यांची भेट प्रत्यक्ष यकृताच्या सूक्ष्म नलिकेतही होते. परंतु ही व्यवस्था मंद असून रोज पाण्यातून येणाऱ्या विषापुढे ती अपुरी पडते. त्वचेचे रोग व कर्करोग हे त्या अपुरेपणाचेच परिणाम होत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे, आणि तिच्यामागील कारणमीमांसाही हीच आहे.

या दृष्टीने पाहता १८६६ व १९०४ चे कायदे करणाऱ्यांची समज त्यांच्या काळापुरती योग्य होती. विष दुकानातून येत होते, म्हणून त्यांनी दुकानाच्या दारावर पहारा बसविला. कौडीकसाचे विष विहिरीतून आले. तेथे विक्रीची वही तपासून काहीच हाती लागले नसते. तेथील पहारा पाण्याच्या तपासणीचाच असू शकतो. हा धडा बेसॉल्टवरील नांदगावासही अगदीच गैरलागू नाही, कारण कोणत्या खडकातून पाणी येते हे वरून पाहून कळत नाही. आर्सेनिकाला चव नाही, वास नाही की रंगही नाही. खारे पाणी जिभेला कळते, म्हणून पूर्णाकाठचा शेतकरी पिढ्यान्पिढ्या त्याची तक्रार करू शकला. ज्याची तक्रार जीभ करू शकत नाही, त्याची तक्रार प्रयोगशाळेने करावी लागते.

किण्वाच्या पेशीत हे विष बाहेर काढणारे द्वार आहे. नेच्याच्या पेशीत ते कोंडणारे द्वार आहे. मनुष्याला त्याच वंशातून मिळाले ते पित्त जपून ठेवणारे द्वार. पोथीतील चुकीवर हरताळ फासून लेखनिकाला शुद्ध अक्षर लिहिता येत असे; पेशीत एकदा शिरलेल्या आर्सेनिकावर फासण्यास मात्र कोणताच लेप नाही. ते आत येऊ न देणे, हेच काम माणसाच्या हाती उरते.